तोल आणि ताप

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माझी धाकटी बहीण नागपूरहून वरोऱ्यास माहेरपणाला आली, तेव्हा तिच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी आपल्याबरोबर एक चमत्कारिक वाहन आणले होते. दोन पावले मावतील एवढी एक फळी, तिच्या दोन्ही टोकांस एकेक चाक. धरावयास दांडा नाही, बसावयास बैठक नाही, थांबविण्यास कळ नाही. वर उभे राहून अंमळ पुढे झुकले की ती पुढे धावते, मागे रेलले की मागे येते. होव्हरबोर्ड असे तिचे नाव. आमच्या अंगणात दोन दिवस या फळीचे राज्य होते. शेजारची मुले जमली, दोघांचे गुडघे फुटले आणि मीही पारिजातकाच्या आळ्यात एकदा बसकण मारली. आईने मात्र, “पडतात तितकी शिकतात,” असे म्हणून त्या सर्व प्रकारास संमती दिली.

तिसऱ्या रात्री ती पाण्यासाठी उठली आणि तिने मला हाक मारली. ओसरीच्या कोपऱ्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी, ती फळी संध्याकाळपासून विजेला लावून ठेवलेली होती. “अरे, हिच्यावर हात ठेवून पाहा. पोळी भाजेल,” आई म्हणाली. मी हात लावला तो चटकन मागे घेतला. तापलेल्या इस्त्रीसारखा वास येत होता. मी खटका बंद केला, फडक्यात धरून ती फळी अंगणात नेऊन ठेवली आणि आम्ही दोघे बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो. पहाटेपर्यंत ती निवाली. घडले ते एवढेच. पण त्या बैठकीत आईने एक वाक्य उच्चारले, ते या लेखाचे मूळ आहे. ती म्हणाली, “आमच्याकडे ओला कडबा गंजीत घातला म्हणजे अशीच ऊब यायची. ज्याला ती हाताला कळे त्याची गंजी वाचे.”

मी इतिहासाचा अध्यापक. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला. परंतु एखाद्या वस्तूविषयी मनात शंका उभी राहिली की तिचा पूर्ववृत्तान्त शोधावयाचा, ही खोड या व्यवसायात जडते. दिवसभर मुले या फळीवरून पडत होती, तिकडे आम्ही मोठी माणसे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो; रात्री ती कोपऱ्यात निमूटपणे तापत होती, तेव्हा आम्ही सर्व झोपलो होतो. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता माझ्या लक्षात आले की या इवल्याशा वाहनात दोन निरनिराळे इतिहास एकत्र आले आहेत. एक तोलाचा आणि दुसरा तापाचा. पहिला माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे; दुसरा अद्याप पडावयाचा आहे.

प्रथम तोलाची हकीकत पाहू. १८१७ च्या जून महिन्यात कार्ल फॉन ड्राइस नावाच्या जर्मन गृहस्थाने मानहाइम शहरातून एका लाकडी दुचाकीवर फेरफटका केला. या दुचाकीला पायटे नव्हते. बसून जमिनीला पाय मारीत जावयाचे. दोन चाके एकामागे एक ठेवली तरी माणूस पडत नाही, हा त्या फेरफटक्यातील खरा शोध होय. नव्या वाहनाचा बोलबाला झाला तसा त्याचा उपद्रवही झाला. पायवाटेवरील लोकांच्या अंगावर ते जाऊ लागले, आणि ठिकठिकाणी पादचारी मार्गावर त्यास मनाई झाली. वाहनापाठोपाठ निर्बंध येतो, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

पुढे पन्नास-साठ वर्षांनी उंच चाकाची सायकल निघाली. पुढचे चाक पुरुषभर उंच, मागचे वीतभर. त्या चाकावर बसलेला स्वार एखादा दगड आडवा आला की डोक्यावरून पुढे कोसळे. इतके असूनही तरुणांस तिचे वेड होते, कारण जो पडत नाही तो शूर, अशी तेव्हा समजूत होती. १८८५ साली इंग्लंडातील जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या उंचीची दोन चाके व मागल्या चाकास साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. या घडणीच्या सायकलींस त्या काळी लोक ‘सेफ्टी’, म्हणजे सुरक्षित, असेच म्हणत. आज खेडोपाडी जी सायकल दिसते ती हिचीच संतती. कालांतराने विशेषण गळाले आणि नुसती सायकल उरली. सुरक्षितता हा ज्या वस्तूचा एकदा विशेष होता, तो तिचा सहजगुण होऊन बसला. कोणत्याही नव्या वाहनाच्या इतिहासात याहून मोठा विजय संभवत नाही.

परंतु सायकलीचा तोल स्वार स्वतःच सांभाळतो. तो त्याच्या कानात, कमरेत व मनगटात असतो. तोलाचे हे काम यंत्रावर सोपवावे, ही कल्पना विसाव्या शतकारंभीची. लुई ब्रेनन नावाच्या कल्पक यंत्रज्ञाने एकाच रुळावर चालणारी आगगाडी तयार केली. गाडीत विरुद्ध दिशांनी गरगर फिरणारी दोन जड चक्रे बसविलेली असत. फिरता भोवरा जसा आडवा पडत नाही, तशी ही गाडीही पडत नसे. १९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडातील गिलिंगहॅम येथे तिने तीसएक माणसे वाहून दाखविली. दुसऱ्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात विन्स्टन चर्चिल तिच्यात बसले. या प्रयोगासाठी इंडिया ऑफिसने व काश्मीर दरबारनेही पैसा दिला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. वायव्य सरहद्दीच्या डोंगरी मुलखात एका रुळाचा मार्ग स्वस्तात टाकता येईल, असा त्यामागे हिशेब होता. पण ती गाडी कधीच धंद्याला लागली नाही. जो तो एकच प्रश्न विचारी : चक्रे थांबली तर? ब्रेननने ती निर्वात पेटीत ठेवली होती व शक्ती तुटल्यावरही ती पुष्कळ वेळ फिरत राहत. तथापि लोकांचे समाधान झाले नाही. आपला तोल दुसऱ्याच्या हाती देताना माणूस कचरतो, आणि ते योग्यच आहे.

जे काम ब्रेननची जड चक्रे करीत होती, ते पुढे लहानशा संवेदकांनी व गणकयंत्राने पत्करले. अमेरिकन संशोधक डीन केमेन याने २००१ च्या डिसेंबरात ‘सेगवे’ हे उभ्याने चालवावयाचे दुचाकी वाहन जगापुढे ठेवले. त्याचे तत्त्व आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या मित्राने मला एका वाक्यात समजावून दिले. लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरीत असू. काठी ज्या बाजूस कलेल त्या बाजूस हात न्यावयाचा, म्हणजे ती पडत नाही. येथे काठी म्हणजे स्वार आणि हात म्हणजे चाके. स्वार पुढे झुकला की यंत्र चाके त्याच्याखाली पुढे नेते. हे काम सेकंदात शेकडो वेळा चालते. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हात दमला की काठी पडते. २००३ च्या सप्टेंबरात तोवर विकलेली सुमारे ६,००० सेगवे वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. कारण बॅटरी उतरत आली असता चाकांस पुरेसे बळ मिळेना आणि स्वार पुढे पडू लागले. ब्रेननला विचारलेलाच प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता.

मुंबईकरांस हे दांड्याचे स्वयंतोल वाहन अपरिचित नाही. २०२० च्या जून महिन्यात मुंबई पोलिसांस समुद्रकाठच्या रस्त्यांवर गस्त घालण्यासाठी अशी ५० वाहने मिळाली. आमच्या अंगणातील फळी ही या दांड्याच्या वाहनाची दांडा काढून टाकलेली धाकटी बहीण होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात राहणारे शेन चेन यांनी २०१३ साली ‘होव्हरट्रॅक्स’ या नावाने ती पुढे आणली. फळी मध्यभागी जोडलेली असल्यामुळे तिची दोन अर्धुके स्वतंत्रपणे कलतात. डावा पाय दाबला तर एक चाक जोराने फिरते, उजवा दाबला तर दुसरे, आणि वळण साधते. होव्हरबोर्ड म्हणजे अधांतरी तरंगणारी फळी. वास्तविक हिची चाके जमीन सोडीत नाहीत. नाव मात्र ‘बॅक टू द फ्युचर’च्या १९८९ साली निघालेल्या दुसऱ्या बोलपटातून आले. त्या कथेतील माणसे २०१५ सालच्या ऑक्टोबरात येऊन उतरतात, आणि योगायोग असा की या फळीचे वेड जगभर पसरले तेही नेमके त्याच वर्षी. त्याच ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये सरकारी वकिलांच्या खात्यास जाहीर करावे लागले की पादचारी मार्गावर ही फळी चालविणे बेकायदा आहे; आणि आधारास घेतले ते १८३५ सालचे हमरस्त्यांचे कलम. घोडे व गाड्या यांच्यासाठी केलेला कायदा विजेच्या फळीस लागू पडला.

पडण्याची भीती खोटी होती असे नव्हे. २०१५ व २०१६ या दोन वर्षांत अमेरिकेच्या इस्पितळांत होव्हरबोर्डवरून पडलेल्या सुमारे २७,००० मुलांवर उपचार झाले असा बालरोगतज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांचे सरासरी वय अकरा. सर्वांत अधिक दुखावलेला अवयव मनगट. पडताना मूल हात पुढे टेकते, त्यावरून हे उघडच आहे. पण अशा दुखापतीचे कारण डोळ्यांना दिसते, उपाय घरोघर माहीत असतो आणि बहुधा महिन्या-दीड महिन्यात हाड जुळते. शिरस्त्राण, मनगटाची पट्टी, मोकळे अंगण व जवळ उभे असलेले मोठे माणूस, एवढ्याने पुष्कळ भागते. फळीची खरी कहाणी तिच्या पोटात आहे.

आता तापाची हकीकत. या फळीच्या पोटात बहुधा वीस विद्युत्‌घट असतात. प्रत्येक घट हाताच्या बोटाएवढा, १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब. त्यात लिथियम या सर्वांत हलक्या धातूचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाऊन वीज देतात. या घटाची कल्पना १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एका तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी सिद्ध केली. तेथे शुद्ध लिथियम वापरीत असत, आणि त्या घटांच्या आगी विझविण्यासाठी बंबवाल्यांस वारंवार यावे लागे. पुढे जॉन गुडइनफ यांनी दुसऱ्या ध्रुवासाठी अधिक चांगले द्रव्य शोधले आणि जपानात अकिरा योशिनो यांनी १९८५ साली शुद्ध लिथियम काढून त्याच्या जागी कर्बयुक्त द्रव्य घातले. योशिनो यांनी केलेली एक परीक्षा मला फार बोलकी वाटते. आपल्या नव्या घटावर त्यांनी लोखंडाचे जड वजन टाकून पाहिले. काही झाले नाही. तेच वजन जुन्या तऱ्हेच्या घटावर टाकताच स्फोट झाला. ती परीक्षा उतरली तोच आपल्या घटाचा जन्मक्षण, असे ते मानतात. १९९१ साली हा घट बाजारात आला व २०१९ साली तिघांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे या घटाच्या जन्मकथेतच आगीचा प्रश्न आहे. ज्यांनी तो घडविला त्यांनी आधी त्यावर घाव घालून पाहिला आणि मगच तो लोकांच्या हाती दिला.

२०१५ साली हाच घाव घालावयाचा राहून गेला. फळीस मागणी अतोनात आली. चीनच्या कारखानदारी शहरांत लहानमोठे असंख्य जुळणारे पुढे झाले. कोणी कोठून घट आणले, कोणी कोठून चार्जर, आणि तीच फळी दहा नावांनी विकू लागले. कोणत्या फळीत कोणाचे घट आहेत हे विकणाऱ्यासही सांगता येईना. ब्रिटनच्या अधिकाऱ्यांनी त्या हिवाळ्यात बंदरांवर सुमारे १७,००० फळ्या तपासल्या. त्यांतील १५,००० हून अधिक, म्हणजे शंभरातील ८८, धोकादायक ठरल्या. दोष घटांत होते तसे चार्जरमध्ये, तारेत आणि भार पुरा झाल्यावर वीज तोडणाऱ्या खटक्यातही होते. त्याच डिसेंबरात अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी या फळ्या विमानात घेण्याचे बंद केले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे १ डिसेंबर २०१५ ते १७ फेब्रुवारी २०१६ या अडीच महिन्यांत २४ राज्यांतून ५२ आगींच्या वर्द्या आल्या आणि २० लाख डॉलरांवर मालमत्तेची हानी झाली. तेव्हा आयोगाने कारखानदारांस लिहून कळविले की यूएल २२७२ या नव्या मानकास उतरेल तीच फळी विकावी. जुलै २०१६ मध्ये पाच लाखांहून अधिक फळ्या परत मागविण्यात आल्या. तरी मार्च २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे घरात विजेला लावलेल्या फळीने पेट घेतला आणि दोन लहान मुली दगावल्या. परत मागविलेली प्रत्येक वस्तू परत येतेच असे नाही.

घट का पेटतो, हे समजून घेण्यास वरोऱ्यासारखे दुसरे गाव नाही. हे गाव वाढले ते कोळशावर. १८७० नंतरच्या दशकात येथे सरकारी खाण चालू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि १९०६ साली ती बंद पडली. पण आसपास माजरीपासून घुग्घुसपर्यंत कोळशाचे काम चालूच राहिले. वर्ध्याच्या खोऱ्यातील हा कोळसा आपोआप पेट घेण्याबद्दल जाणकारांत प्रसिद्ध आहे. त्यास काडी लावणारा कोणी लागत नाही. ढीग पडून राहिला की कोळसा हवेतील प्राणवायू शोषून घेतो व किंचित तापतो. ढीग लहान व पसरलेला असेल तर ती ऊब वाऱ्यावर निघून जाते. मोठा असेल तर ती आतच कोंडते. तापल्यामुळे कोळसा अधिक प्राणवायू घेतो, त्यामुळे अधिक तापतो, आणि एके दिवशी ढिगाच्या पोटातून धूर निघतो. आईच्या ओल्या कडब्याच्या गंजीत कारण निराळे असते, तेथे कुजण्याची ऊब असते. पण हिशेब तोच. जितका ताप निर्माण होतो तितका बाहेर पडला नाही तर शेवट एकच.

विद्युत्‌घटातही हेच घडते, मात्र तेथे महिन्यांचे काम क्षणांत उरकते. घटाच्या दोन ध्रुवांमध्ये केसाहूनही पातळ असा पडदा असतो व सर्वत्र एक ज्वालाग्राही द्रव भरलेला असतो. घडणीत धातूचा एखादा कण आत राहिला, फळी आपटून घट चेपला, किंवा मर्यादेबाहेर वीज भरली गेली, तर त्या पडद्यास छिद्र पडते. मग घटातील सर्व साठा त्या छिद्रावाटे एकाएकी धावू लागतो. ताप वाढतो, तापाने आतील द्रव्ये विघटन पावतात, त्यातून आणखी ताप व वायू निघतो, आणि एका घटाची आग शेजारच्या घटास लागते. आतील द्रव्यातूनच प्राणवायू सुटत असल्यामुळे वरून काही झाकून ही आग गुदमरत नाही. भरपूर पाण्याने थंड करणे हाच उपाय. मी ती तापलेली फळी उचलून अंगणात नेली म्हणून आमच्या मित्राने माझी चांगलीच कानउघाडणी केली. असे वाहन हातात असतानाच पेटते तर? खटका बंद करावा, माणसे बाहेर काढावीत आणि बंबवाल्यांस बोलवावे, असे त्याने मला पढविले. ते येथे मुद्दाम नमूद करतो. त्यात भर आपल्याकडील उन्हाळ्याची. मे महिन्यात वरोरा-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या घटास थंड व्हावयास जागाच नसते.

ही केवळ परदेशची कथा आहे असे कोणी समजू नये. २०२२ सालच्या मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या एका स्कूटरने आपोआप पेट घेतला व त्याचे चित्र देशभर घरोघर पाहिले गेले. पंधरवड्यानंतर, ९ एप्रिल रोजी, नाशिकजवळ ४० नव्या स्कूटरी भरलेल्या वाहनास आग लागून त्यांतील २० जळाल्या. सप्टेंबरात वसई येथे रात्री घरात विजेला लावून ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एक सात वर्षांचा मुलगा भाजून मृत्यू पावला. ही बातमी मी तेव्हा वाचली होती व हळहळलोही होतो. तरीसुद्धा दिवाळीत माझ्याच ओसरीवर रात्रभर तशीच वस्तू विजेला लागली होती. वाचलेले ज्ञान आणि हाताला कळलेले ज्ञान यांत केवढे अंतर असते, याचा हा पुरावा मी स्वतःविरुद्ध देत आहे.

या आगींनंतर केंद्र सरकारने चौकशी केली आणि विजेच्या दुचाकींसाठी असलेले एआयएस १५६ हे मानक कडक करण्यात आले. नवी कलमे १ डिसेंबर २०२२ पासून व ३१ मार्च २०२३ पासून अशी दोन टप्प्यांत लागू झाली. घटांची तपासणी, त्यांच्यातील अंतर, चार्जरचा खटका, एका घटाची आग दुसऱ्यास लागण्यापूर्वी स्वारास मिळावयाची सूचना, या सर्वांचा त्यात विचार आहे. पण हे मानक रस्त्यावर नोंदल्या जाणाऱ्या वाहनांचे. अंगणात धावणारी फळी त्यात बसत नाही. तिच्या घटास भारतीय मानक संस्थेच्या आयएस १६०४६ प्रमाणे नोंदणी लागते. परंतु माझ्या भाच्याच्या फळीच्या खोक्यावर करणाऱ्याचे नावही नव्हते, मग नोंदणीचा क्रमांक कोठून असणार! मेहुण्यांनी ती दुकानदाराच्या शब्दावर घेतली होती आणि दुकानदाराने ती कोणाच्या तरी शब्दावर.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की मोटारसायकलीखाली दररोज जितकी माणसे मरतात, त्यांपुढे या फळ्यांचे बळी ते किती? आक्षेप खरा आहे, आणि या वस्तूवर सरसकट बंदी घालावी असे माझे म्हणणे नाही. शंभर वर्षांपूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांनी सायकलीस नावे ठेविली होती, आणि त्याच सायकलीवर बसून पुढे मुली शाळेत गेल्या. विजेच्या घटांचा तर आपणांस मोठाच उपयोग आहे. वरोऱ्याच्या आसमंतात कोळसा जाळून जी वीज होते, तिचा धूर आम्ही रोज पाहतो. उद्या सूर्याची वीज साठवावयाची तर असेच घट लागणार. पण मोटारसायकलीचा धोका ज्याने तिच्यावर बसण्याचे ठरविले, त्याच्या डोळ्यांपुढे असतो. रात्री कोपऱ्यात तापणाऱ्या वस्तूचा धोका झोपलेल्यांवर येतो. वसईच्या त्या मुलाने कशावरही स्वार होण्याचे ठरविले नव्हते. दोहोंत हा भेद आहे, आणि तो संख्येने मोजता येत नाही.

या दोन्ही इतिहासांतून मला एकच गोष्ट दिसते. पडण्याचे भय माणूस जन्मतःच घेऊन येतो. तान्हे मूलही हात सुटला की दचकते. म्हणून उंच चाकाची सायकल वीस वर्षांत मागे पडली, आणि ब्रेननची गाडी तर एकही अपघात न होता नाकारली गेली. तापाचे भय मात्र शिकावे लागते. ते खाणीतल्या माणसाने धुराचा वास घेऊन शिकले, शेतकऱ्याने गंजीत हात घालून शिकले. शेजारच्या भद्रावतीस दारूगोळ्याचा कारखाना आहे; तेथे जाणारा कामगार काडीपेटी फाटकाबाहेर ठेवतो, ते तो भित्रा आहे म्हणून नव्हे. साठविलेल्या शक्तीशी वागण्याची एक रीत असते, ती त्याच्या अंगवळणी पडली आहे. आज प्रत्येक घरात दूरध्वनीपासून खेळण्यापर्यंत दहा-वीस ठिकाणी तशी शक्ती साठविलेली आहे, आणि तिच्याशी वागण्याची रीत अद्याप घराच्या वळणात उतरलेली नाही. दिवेलागणीस दिव्याजवळ पदर सांभाळण्यास आमच्या आज्या मुलींना शिकवीत, तसेच हे.

भाऊबीज झाली, बहीण निघावयाची वेळ आली, तेव्हा भाच्याने विचारले, “मामा, मग मी ही पुन्हा चालवायची की नाही?” मी त्यास इतिहास सांगू लागलो, पण आईने मध्येच तोडले. ती म्हणाली, “ही नाही. दुसरी आणा, जिच्यावर करणाऱ्याचं नाव असेल ती. दिवसा, माणसं जागी असताना विजेला लावा, जवळ कागद-कपडा ठेवू नका, भरली की काढा. आणि गरम लागली तर वाट पाहू नका.” यूएल २२७२ व एआयएस १५६ यांतील पुष्कळसा सार तिने चार वाक्यांत सांगितला असे आमच्या मित्राचे मत पडले.

फळीचे काय करावयाचे हा प्रश्न उरला. ती केरात टाकणे म्हणजे आपला धोका केर वेचणाऱ्याच्या गळ्यात बांधणे. २०२२ सालच्या नियमांप्रमाणे जुने घट परत घेण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यावर आहे; पण येथे करणाराच बेनाम. शेवटी तिला अंगणातील एका मातीच्या कुंडीत, वाळूवर, घरापासून दूर ठेवले, आणि पुढच्या महिन्यात नागपूरला असे टाकाऊ जिन्नस रीतसर घेणाऱ्या ठिकाणी मी स्वतः पोहोचविली. तोपर्यंत महिनाभर आई रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर त्या कुंडीपाशी जाई आणि हाताची पाठ फळीजवळ धरून पाही. मी एकदा विचारले, “आता तर ती विजेला नाही. मग रोज काय पाहतेस?” ती म्हणाली, “काही नाही. सवय राहावी म्हणून.”